गोळ्या बंद केल्या तर हृदय वाचेल? एचआयव्ही आणि रक्तवाहिन्यांचा इतिहास

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. लोकलमध्ये नेटवर्क गेलं की आवाज तुटतो, अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार असते, म्हणून आता प्रत्येक भाग असा लिहूनही टाकतो. बोलतानाचं अडखळणं काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

या भागाला निमित्त झालं एका व्हॉइस नोटचं. पाठवणाऱ्याचं नाव-गाव सांगत नाही. त्याचे काका पंधरा वर्षं एआरटीवर आहेत. एआरटी म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं. व्हायरल लोड मशीनला सापडत नाही इतका खाली, वजन व्यवस्थित, शेतीची कामं चालू. मध्यंतरी काकांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, की या गोळ्यांनी हार्ट अटॅक येतो. तेव्हापासून ते म्हणतायत, "विषाणू तर सापडतच नाही. मग दोन-तीन महिने गोळ्या थांबवतो, हृदयाला जरा आराम." पुतण्या विचारतो, दादा, यात काही तथ्य आहे का?

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण हा प्रश्न वाचायला घेतला आणि लक्षात आलं, की काकांच्या डोक्यात आलेली कल्पना एकेकाळी जगातल्या नामवंत एड्सतज्ज्ञांच्याही डोक्यात आली होती. त्यांनी ती हजारो माणसांवर रीतसर तपासली. काय निघालं ते सांगतो, पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

५ जून १९८१. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात एक छोटी नोंद छापून आली. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना न्यूमोसिस्टिस नावाचा दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. प्रतिकारशक्ती पार कोसळलेल्या माणसालाच होणारा आजार, आणि ही मुलं तर काल-परवापर्यंत धडधाकट होती. नोंद छापून येईपर्यंत त्यातले दोघं गेलेही होते. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतानिए यांच्या गटाला विषाणू सापडला. १९८७ साली एझेडटी हे पहिलं औषध आलं. पण एकट्या औषधाला विषाणू काही महिन्यांतच चकवायला शिकायचा, आणि माणसं मरतच राहिली.

या सगळ्या काळात एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांचा विचार फारसा कुणी केला नाही, आणि त्यात नवल काही नाही. धमनी तुंबायला वीस-तीस वर्षं लागतात. एड्सचा रुग्ण तेवढा जगतच नव्हता.

आपल्याकडे १९८६ साली चेन्नईत (तेव्हाचं मद्रास) हा विषाणू पहिल्यांदा सापडला. मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांनी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले, त्यात तो निघाला. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे. चामड्याच्या व्यापारासाठी चेन्नईत स्थिरावलेलं मराठी कुटुंब. १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे सेंटर काढलं. आजच्या विषयाच्या संदर्भात मला गंमत वाटते ती ही, की त्यांचे पती व्हिक्टर सॉलोमन हृदयशल्यविशारद होते. एकाच घरात एचआयव्ही आणि हृदय असे दोन विषय नांदत होते, आणि ते दोन विषय एकमेकांशी बांधलेले आहेत हे जगाला कळायला अजून बरीच वर्षं होती.

१९९५ च्या डिसेंबरात प्रोटीएज इन्हिबिटर या नव्या गटातलं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं, लगोलग आणखी दोन. जुलै १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या जागतिक परिषदेत डॉक्टरांनी सांगितलं, की तीन औषधं एकत्र दिली तर विषाणू दबतो आणि दबलेलाच राहतो. पुढच्या एका वर्षात अमेरिकेतले एड्सचे मृत्यू ४७ टक्क्यांनी उतरले. एका वर्षात! ज्यांच्या घरच्यांनी निरोपाची तयारी केली होती ती माणसं बिछान्यातून उठून कामावर जायला लागली.

आणि मग त्यांची शरीरं विचित्र दिसू लागली. गाल आत गेले, हातापायांची चरबी नाहीशी होऊन शिरा दोरीसारख्या वर आल्या. उलट पोट सुटलं, मानेमागे चरबीचा गोळा आला. क्रिक्सिव्हॅन नावाच्या गोळीमुळे पोट सुटतं म्हणून रुग्णांनीच त्याला 'क्रिक्स बेली' असं नाव पाडलं. १९९८ साली सिडनीतल्या अँड्र्यू कार आणि डेव्हिड कूपर यांनी याची शास्त्रीय मांडणी केली. चरबीची जागा बदलते, रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड चढतं, इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, आणि हे प्रोटीएज इन्हिबिटर घेणाऱ्यांत दिसतं. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये अशा रुग्णांच्या हृदयधमन्या ऐन तारुण्यात तुंबल्याच्या नोंदी आल्या.

इथे जरा थांबून धमनीत नेमकं काय होतं ते पाहू, कारण पुढची गोष्ट त्यावर उभी आहे. धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एक अतिशय नाजूक अस्तर असतं. हे अस्तर दुखावलं, की रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल त्याच्या खाली झिरपतं. ते उचलायला मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, कोलेस्टेरॉल खाऊन फुगतात आणि तिथेच अडकून पडतात. त्यांचा थर साचतो. म्हणजे पाइपमध्ये कचरा अडकतो तसं हे नाहीये, हा भिंतीच्या आत चालणारा दाह आहे, आपल्याच प्रतिकारशक्तीने पेटवलेला. एक दिवस थरावरचं टोपण फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी होते, आणि गुठळीने हृदयाची धमनी बंद केली की हार्ट अटॅक. कोलेस्टेरॉल आणि दाह, दोन्ही लागतात. १९९८ साली सगळ्यांचं लक्ष पहिल्याकडे होतं.

भारतात मात्र तेव्हा वेगळंच दुःख होतं. ही औषधं अमेरिकेत वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरना पडत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरमध्ये देऊ केला. म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी. त्याने आफ्रिका आणि आशियातलं चित्र बदललं. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत एआरटी सुरू केली. सुरुवातीच्या आठ सरकारी रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं.

या स्वस्त मिश्रणातलं एक औषध होतं स्टॅव्ह्युडिन. त्याने जीव वाचले, यात वाद नाही. पण गाल बसवायचं काम त्यानेही केलं. आणि बसलेले गाल म्हणजे गावात चेहऱ्यावर लिहिलेलं निदान. तब्येत सुधारतेय आणि चेहरा मात्र चुगली करतोय, या कात्रीत सापडलेल्या माणसाला "गोळी सोडू नको" सांगणं किती अवघड असेल, विचार करा. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्याने बंद करा असं सांगितलं. आज ते आपल्या एआरटी सेंटरवर मिळत नाही. पण काकांच्या पिढीच्या मनात औषधांबद्दलची जी धास्ती आहे, तिचं मूळ या दिवसांत आहे, असं मला वाटतं. ती उगाच आलेली नाही.

परत हृदयाकडे. एक-दोन रुग्णांच्या नोंदींवरून काही सिद्ध होत नाही, मोठा आकडा लागतो. तो २००३ मध्ये आला. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या ११ गटांमधले २३,४६८ रुग्ण एकत्र करून डी-ए-डी नावाचा अभ्यास चालू होता, त्याचं केंद्र कोपनहेगनमध्ये. निष्कर्ष असा, की एकत्रित औषधांवर काढलेल्या प्रत्येक वर्षागणिक हार्ट अटॅकचा धोका २६ टक्क्यांनी वाढत जातो, निदान पहिल्या चार ते सहा वर्षांत.

२६ टक्के! काकांनी पाहिलेल्या व्हिडिओचा आजोबा हाच आकडा असणार. पण जरा पूर्ण हिशेब बघा. या सगळ्या माणसांच्या मिळून ३६ हजार वर्षांच्या निरीक्षणात हार्ट अटॅक आले १२६ जणांना. म्हणजे हजार माणसांकडे वर्षभर पाहिलं तर साडेतीन. साडेतीनचे २६ टक्क्यांनी वाढले तर साधारण साडेचार. वाढ खरी आहे, पण एड्सने ज्या गतीने माणसं जात होती तिच्यापुढे फारच लहान. टक्केवारी ऐकली की "कशाचे टक्के?" हे विचारायची सवय लावून घ्या. आम्हा इंजिनिअर लोकांना ही सवय मीटिंगमध्ये लागते, जेव्हा कुणी सांगतं की ॲप दुप्पट फास्ट झालं आणि कळतं की दोन मिलिसेकंदांचं एक झालंय.

डी-ए-डीने पुढे आरोपींची यादी आणखी बारकाईने लावली. २००७ मध्ये दिसलं, की वाढीचा भार मुख्यतः प्रोटीएज इन्हिबिटरवर आहे, दुसऱ्या एका मोठ्या औषधगटावर नाही. २००८ मध्ये अबाकॅव्हिरचं नाव पुढे आलं. त्यावर बरीच वर्षं वाद चालला. म्हणजे औषधांचा दोष शून्य होता असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही.

तर २००० च्या आसपास अनेक डॉक्टरांचा विचार असा चालला होता: औषधं हृदयाला त्रास देतात, महाग आहेत, रोज घ्यायचा कंटाळा येतो. मग ज्याचा सीडी४ काउंट, म्हणजे प्रतिकारपेशींचा आकडा, चांगला वर आहे त्याला अधूनमधून सुट्टी का देऊ नये? आकडा खाली आला की पुन्हा सुरू. कागदावर अगदी शहाणपणाचं वाटतं. काकांचा विचार शब्दशः हाच.

हे तपासायला स्मार्ट नावाची चाचणी सुरू झाली. ३३ देशांत ५,४७२ माणसं, सगळ्यांचा सीडी४ ३५० च्या वर. जणू नाणं उडवून त्यांचे दोन गट केले. एका गटाने औषध अखंड घ्यायचं. दुसऱ्याने थांबवायचं, सीडी४ २५० च्या खाली गेला की सुरू करायचं, ३५० च्या वर गेला की पुन्हा थांबवायचं. नाणं का उडवायचं? कारण डी-ए-डीसारख्या अभ्यासात कुणी कोणतं औषध घ्यायचं हे डॉक्टर आणि परिस्थिती ठरवते, आणि मग परिणाम औषधाचा की परिस्थितीचा हे सोडवणं कठीण जातं. नाण्याला कुणाची परिस्थिती माहीत नसते.

अपेक्षा अशी होती, की सुट्टीवाल्या गटात एड्सशी निगडित आजार थोडे वाढतील, पण हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचे त्रास घटतील. जानेवारी २००६ मध्ये देखरेख समितीने नवी भरती थांबवायला लावली. सुट्टीवाल्या गटात मृत्यू ५५, अखंड औषधवाल्यांत ३०. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते हृदय-यकृत-मूत्रपिंडाचे गंभीर आजार? सुट्टीवाल्यांत ६५ जणांना, दुसऱ्यांत ३९. नुसते हृदय आणि रक्तवाहिन्यांचे धरले तर ४८ विरुद्ध ३१.

म्हणजे गोळी थांबवली आणि हृदयाला आराम मिळण्याऐवजी त्याचेच हाल झाले. तेही सरासरी सोळा महिन्यांत.

पुतण्याला माझं उत्तर इथेच आहे. काकांना हे आकडे दाखव. दोन महिन्यांची सुट्टी ही कल्पना जगाने करून पाहिलीये, आणि ज्यांनी सुट्टी घेतली त्यांनी किंमत मोजलीये. एखादी गोळी खरंच सोसत नसेल तर एआरटी सेंटरवर ती बदलून मिळते का ते विचारा. मनाने थांबवू नका.

स्मार्टनंतर सगळ्या प्रश्नाचं तोंड फिरलं. औषध थांबवल्यावर हृदय बिघडत असेल, तर विषाणू स्वतःच हृदयाचं काहीतरी बिघडवत असला पाहिजे. स्मार्टमध्येच जपून ठेवलेल्या रक्तातून २००८ मध्ये एक धागा मिळाला. ज्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ आणि डी-डायमर जास्त होते त्यांना मृत्यूचा धोका जास्त होता. पहिला दाहाचा मापक, दुसरा गुठळ्या होण्याचा. कोविडमध्ये डी-डायमरचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर फिरायचे, आठवतं? तोच.

पण हा दाह येतो कुठून? याचं एक उत्तर मला तरी या सगळ्या इतिहासात सर्वांत थक्क करणारं वाटलं. ते आहे आतड्यात. शरीरातल्या सीडी४ पेशींचा मोठा साठा आतड्याच्या भिंतीत असतो, आणि एचआयव्ही लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तो उद्ध्वस्त करतो. राखणदार गेले की कुंपण पडतं. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॅनियल डुएक यांच्या गटाने दाखवलं, की आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे त्या पडलेल्या कुंपणातून रक्तात झिरपत राहतात. प्रतिकारशक्ती त्यांना पाहून सतत सज्ज राहते. मोनोसाइट चिडलेले, अस्तर दुखावलेलं, रक्त गोठायला टपलेलं. धमनीत थर साचायला याहून चांगली जमीन कोणती?

औषधांनी विषाणू दबतो, दाह बराच उतरतो, पण पूर्ण विझत नाही. तुम्ही फोन लॉक करून खिशात टाकता, स्क्रीन काळी, आणि तरी फोन गरम लागतो. आत कुठलंतरी ॲप चालूच असतं. व्हायरल लोड ही स्क्रीन आहे.

हे नुसतं रूपक नाही, लोकांनी फोटो काढलेत. २०१२ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये स्टीव्हन ग्रिन्स्पून यांच्या गटाने पेट स्कॅनने महाधमनीच्या भिंतीतला दाह मोजला. २७ जण एचआयव्हीवाले, बहुतेकांचा विषाणू नीट दबलेला. त्यांच्याइतकाच हृदयधोका असलेले, पण एचआयव्ही नसलेले २७. आणि तिसरे २७ असे, की ज्यांना आधीच धमनीविकार आहे. एचआयव्हीवाल्यांच्या धमनीतला दाह दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त निघाला, आणि तिसऱ्या गटाच्या जवळपास बरोबरीचा. संख्या लहान आहे, पण चित्र बोलकं आहे.

मोठी संख्या पुढच्याच वर्षी आली. अमेरिकेच्या ८२,४५९ निवृत्त सैनिकांची माहिती तपासली, वय, सिगारेट, रक्तदाब, मधुमेह सगळ्याचा हिशेब करून. एचआयव्ही असलेल्यांत हार्ट अटॅकचा धोका तरीही ४८ टक्क्यांनी जास्त. २०१८ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र केल्यावर हृदयरोगाचा धोका सुमारे दुप्पट निघाला.

सैनिकांच्या अभ्यासात जवळजवळ सगळे पुरुष होते, म्हणून एक जुना आकडा मुद्दाम सांगतो. बोस्टनमध्येच २००७ साली दोन रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या तेव्हा एचआयव्ही असलेल्या पुरुषांत हार्ट अटॅकचं प्रमाण इतर पुरुषांच्या दीडपटीच्या थोडं खाली होतं, आणि स्त्रियांत इतर स्त्रियांच्या जवळपास तिप्पट. भारतात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत, त्यातले सर्वाधिक महाराष्ट्रात, आणि दर दहांमागे चारांहून जास्त स्त्रिया. हार्ट अटॅक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजूनही छाती धरून बसलेला पुरुषच येतो.

आता माझ्या धंद्याशी जवळची गोष्ट. डॉक्टर हृदयाचा धोका मोजतात तो एका सूत्राने: वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट, मधुमेह टाका, दहा वर्षांचा धोका बाहेर येतो. या पद्धतीचं मूळ १९४८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ माणसांवर सुरू झालेल्या अभ्यासात आहे. ती जवळपास सगळी गोरी माणसं, आणि एचआयव्ही तर तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हता. एका लोकांवर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या लोकांवर चालवलं की ते चुकतं, हे कॉलेजात पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात. एचआयव्ही असलेल्या माणसाचा धोका हे सूत्र कमी दाखवतं. मग "तुमचा धोका कमी आहे, औषधाची गरज नाही" असं सांगून ज्यांना घरी पाठवलं जातं, त्यांचं काय?

नेमक्या याच लोकांवर २०१५ मध्ये रिप्रीव्ह ही चाचणी सुरू झाली. पुन्हा ग्रिन्स्पून आणि त्यांचे सहकारी. १२ देश, ७,७६९ माणसं, वय ४० ते ७५, सगळे एआरटीवर, सूत्रानुसार धोका कमी ते मध्यम. भारतही होता त्यात. पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज आणि चेन्नईत सुनीतीताईंनी उभी केलेली संस्था, दोन्हीकडे लोक सहभागी झाले. एका गटाला रोज पिटाव्हास्टॅटिनची एक गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. ३१ टक्के स्त्रिया होत्या, आणि हे ठरवून केलं होतं.

हेच स्टॅटिन का? कारण सिम्व्हास्टॅटिनसारखी काही जुनी स्टॅटिन्स यकृतात ज्या वाटेने मोडली जातात, ती वाट प्रोटीएज इन्हिबिटर अडवून धरतात. मग स्टॅटिन रक्तात साचतं आणि स्नायू खराब करू शकतं. पिटाव्हास्टॅटिन त्या वाटेला फारसं जातच नाही.

स्कॅन केलेल्या अमेरिकेतल्या सहभागींपैकी ४९ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत सुरुवातीलाच थर सापडला. सूत्र यांना धोका कमी म्हणत होतं, लक्षात ठेवा. २०२३ मध्ये ही चाचणीही वेळेआधी थांबवली, पण या वेळी कारण आनंदाचं होतं. हृदयविकाराच्या मोठ्या घटना दर हजारी वर्षाला ७.३२ वरून ४.८१ वर आल्या, म्हणजे ३५ टक्के घट. आपला नियम इथेही लावू: पाच वर्षं साधारण १०६ जणांनी गोळी घेतली तर एकाची मोठी घटना टळते. तोटाही होता. मधुमेह स्टॅटिनवाल्यांत ५.३ टक्क्यांना झाला, दुसऱ्यांत ४ टक्क्यांना. स्नायूंच्या तक्रारी थोड्या जास्त. जुलै २०२३ मध्ये निकाल जाहीर झाले, आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. चाळिशीपुढच्या एचआयव्हीवाल्यांना सूत्राने कमी म्हटलं तरी स्टॅटिनचा विचार करा, असं डॉक्टरांना सांगितलं गेलं.

सुनीतीताई २०१५ सालीच गेल्या. निकाल पाहायला त्या नव्हत्या.

आपल्याकडे अडचण वेगळ्या ठिकाणी आहे, असं मला लोकांशी बोलून वाटलं. एआरटी सेंटर एका इमारतीत, हृदयाचा डॉक्टर दुसऱ्या गावात, आणि माणूस मधोमध. हृदयाच्या डॉक्टरला तो एचआयव्हीचं सांगतच नाही, लाजेने किंवा भीतीने. मग तो डॉक्टर नेहमीच्या सूत्राने "ठीक आहे" म्हणतो, किंवा नेहमीचं स्टॅटिन लिहून देतो, जे एखाद्या एआरटीबरोबर चालत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार उपचारात भेदभाव करणं आणि संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही उघड करणं, दोन्ही बेकायदा आहे. तेव्हा निदान गोळ्यांची नावं तरी कागदावर लिहून हृदयाच्या डॉक्टरला दाखवा. आणि एआरटी सेंटरवर गोळ्या उचलायला जाल तेव्हा बीपी, शुगर आणि लिपिडचं विचारा, कुणी आपणहून काढेल याची वाट पाहू नका.

अजून एक, कारण काका बिडी ओढतात असं व्हॉइस नोटच्या शेवटी हळूच सांगितलंय. डेन्मार्कमध्ये, जिथे एचआयव्हीचे उपचार सगळ्यांना मोफत आणि नीट मिळतात, २०१३ साली हिशेब मांडला गेला. एचआयव्ही असलेल्या धूम्रपान करणाऱ्या माणसाची एचआयव्हीमुळे सरासरी ५.१ वर्षं जात होती आणि धूम्रपानामुळे १२.३. काकांना काही थांबवायचंच असेल तर खिशात बंडल आहे.

पुढच्या भागात स्टॅटिनची जन्मकथा. आकिरा एंडो नावाचा जपानी माणूस हजारो बुरश्या तपासत बसला होता, त्याला एका बुरशीत काय सापडलं ते ऐकू. तोवर प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही.